उभ्या गाडीची निगा



वाळूजची औद्योगिक वसाहत आपल्याच गंगापूर तालुक्यात आहे. तिथल्या बजाजच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्या देशभर धावतात. गाडी चालवायला आणि खोलून जोडायला आपली पोरं लहानपणीच शिकतात. पण तीच गाडी चार-सहा महिने उभी ठेवायची तर काय करावं, हे कुणी शिकवत नाही. आज त्याविषयी बोलायचं आहे.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उसाच्या ट्रॉल्या बांधाला लागतात. मुलगा पुण्याला किंवा आखातात असतो आणि त्याची मोटार दिवाळीपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली असते. गाडी फिरत नाही म्हणजे झिजत नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर ओल, गंज आणि उंदीर यांना उभी गाडीच सोपी सापडते.

साखर कारखान्याकडे बघा. गाळप संपलं म्हणून कुणी नुसतं कुलूप लावून जात नाही. पावसाळाभर मिल, बॉयलर, पंप खोलून साफ करतात, तेव्हा कुठे पुढच्या हंगामाची मोळी पडते. आपल्या गाडीलाही बंद ठेवण्याआधी तशीच तयारी लागते.

आधी जागा बघा. आपली काळी माती पावसाळाभर ओल धरते आणि ती ओल खालून गाडीच्या पत्र्याला लागते. म्हणून गाडी फरशीवर किंवा कोब्यावर लावा, तेही जमलं नाही तर चाकांखाली फळ्या टाका. त्याआधी मडगार्डच्या आतला चिखल पाण्याच्या जोरानं काढा आणि गाडी पुरती वाळू द्या. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला.

दुसरी गोष्ट इंधन आणि ऑइल. उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर त्या पोकळीतल्या दमट हवेचं पाणी होतं. डिझेलच्या टाकीत ते तळाशी बसतं. म्हणून टाकी जवळपास भरून ठेवा. इंजिन ऑइल गाडी उभी करण्यापूर्वीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओल असते, ती महिनोन् महिने बेअरिंगला लागून राहते.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. 12 व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर मीटरवर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12.4 वर आला की चार्जिंग करा. 12 च्या खाली तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग चार्जर लावूनही तिच्यात पहिला जोर येत नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ आणि अलार्म थोडा थोडा करंट खात असतात. म्हणून वायर सोडवा. सोडवताना आधी ऋण टोक, जोडताना ते शेवटी. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा, व्हॅसलिन लावा आणि महिन्याला एकदा मीटर लावून बघा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीनं लायनर ड्रमला चिकटतात आणि चाक जाम होतं. गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ट्रॅक्टरची क्लचप्लेटही अशीच चिकटते, म्हणून पेडल दाबून लाकडी ठोकळा अडकवा. लिफ्ट खाली सोडा, सायलेन्सरवर डबा पालथा घाला. टायरात हवा पूर्ण ठेवा. कोंबड्यांचं खाद्य किंवा धान्याची पोती गाडीजवळ ठेवू नका, त्यामागे उंदीर येतात आणि मग वायरिंग कुरतडतात.

आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी मात्र साठतं. चालू करायचीच असेल तर 10-15 किलोमीटर फिरवून आणा.

जर्मनीत हंगामी गाड्यांसाठी 1997 पासून वेगळी नंबरप्लेट मिळते. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत गाडी रस्त्यावर आणता येईल, ते तिच्या उजव्या कडेला छापलेलं असतं. आपल्याकडे तशी सोय नाही, गाडीची नोंद वर्षभर चालूच असते. म्हणून गाडी उभी असली तरी विमा चालू ठेवा. मुदत संपून 90 दिवस गेले तर साठलेला नो क्लेम बोनस जातो, आणि आग, चोरी, पूर हे काही गाडी चालू असतानाच येत नाहीत.

माझी एवढीच विनंती आहे. मृग लागायच्या आत अर्धा दिवस काढा आणि ही कामं उरका. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: बॅटरी सोडवली आहे, क्लचला ठोकळा आहे, सायलेन्सरवर डबा आहे. तो कागद तारीख घालून स्टिअरिंगला बांधा. दिवाळीला किल्ली हातात घेणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.