सुदामा आणि वरसईचे गोडसे भटजी
(सुदामानगर, इंदूर येथील व्याख्यान)



सुदामा म्हटला की पोह्यांची पुरचुंडी डोळ्यांपुढे उभी राहते. इंदूरकरांना तर ती अधिकच जवळची! परंतु भागवताच्या दशम स्कंधात ते पोहे खाल्ले जातात ८१व्या अध्यायात. त्याच्या आधीचा ८०वा अध्याय बाळपणाच्या आठवणींचा आहे, आणि कथेकरी बहुधा तो घाईने ओलांडतात. (मूळ भागवतात या ब्राह्मणाला ‘सुदामा’ हे नावही नाही, ते परंपरेने दिले.)

द्वारकाधीश मित्राला आपल्या पलंगावर बसवितात, त्याचे पाय धुतात, आणि मग विचारतात की गुरुगृहीचे ते दिवस आठवतात का? गुरुपत्नीने सरपणासाठी रानात धाडले होते. अवकाळी वादळ उठले, सूर्य मावळला, पाण्यात उंचसखल कळेना. एकमेकांचे हात धरून, सरपणाचे ओझे वाहत शिष्य रात्रभर भटकले. सूर्योदयी सांदीपनी त्यांना शोधीत आले. व्यासांनी येथे एक बारीक गोष्ट टिपली आहे: त्या आठवणी सांगतेवेळीही त्या दोघांनी एकमेकांचे हात हाती घेतलेले होते. इतक्या वर्षांत मधे राज्य आले, दारिद्र्य आले. हातांची ओळख मात्र राहिली. सांदीपनींचे ते स्थान उज्जयिनीस, येथून अवघ्या काही कोसांवर आहे. बाळकृष्णाने पाटीवरचे अंक जेथे धुतले म्हणतात, तो अंकपात आजही दाखविला जातो.

याच माळव्याच्या वाटेने १८५७ साली आणखी एक दरिद्री ब्राह्मण आला. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरी कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते काकांबरोबर निघाले. महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची वार्ता कळली. पुढे झाशीचा वेढा त्यांच्या वाट्यास आला. लूट आणि कत्तल त्यांनी शहरात राहून पाहिली. मिळविलेले द्रव्य तर गेलेच, जीव वाचला हेच पुष्कळ.

हे सारे त्यांनी लिहिले १८८३ साली, म्हणजे पाव शतकानंतर. आणि तेही आपण होऊन नव्हे. चिंतामण विनायक वैद्य या बावीस वर्षांच्या तरुणाने आग्रह धरला, तेव्हा. इंग्रज सरकारच्या भीतीने ते लिखाण पडून राहिले आणि ‘माझा प्रवास’ छापून निघाले १९०७ साली, भटजींच्या निधनानंतर. वैद्यांनी त्यात फेरफारही केले होते. भटजींची मूळ भाषा जशीच्या तशी वाचकांपुढे आली ती १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांच्या हातून.

भटजींच्या लिखाणात ऐकीव वार्ता आहेत, कालगणनेतही चुका आहेत. म्हणून कोणी ते हलके लेखील, तर तो न्याय होणार नाही. जे कानांनी ऐकले ते चुकले असेल. जे पोटाने आणि पायांनी भोगले, ते चुकत नाही. भागवतातही भगवंतांनी तिथी सांगितली नाही, पाऊस सांगितला.

होळकरांच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या किती मराठी घरांत असे वृद्ध असतील! ते बोलू लागले की नातवंडे अभ्यासाला उठतात. ‘तीच तीच गोष्ट’ असे सूनबाई म्हणते, आणि ते खरेही असते. पण सरपणाची गोष्ट सुदाम्याला ठाऊक नव्हती काय? तोही त्याच रात्री त्याच रानात होता. तरी ती त्याला सांगितली गेली, आणि त्याने ती ऐकली.

विष्णुभट परतले ते दक्षिणेवाचून. मात्र खांद्यावर गंगेची कावड होती. कर्ज फिटले नव्हते. घरी पोचून त्यांनी त्या गंगोदकाने आईवडिलांना स्नान घातले.