नव्वद गुणांचे अंतर

ता. 27 सप्टेंबर 2021 रोजी जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आशिया चषकाच्या स्पर्धेत जपान आणि भारत यांच्या महिला संघांचा बास्केटबॉलचा सामना झाला. जपानचे गुण 136, भारताचे 46. अशा सामन्याची बातमी दोन ओळींत आटोपते, आणि वाचणाऱ्याची दृष्टीही त्या दोन ओळींवर फार वेळ ठरत नाही. हरलेल्यांविषयी बोलायचे तरी काय, असे आपणांस वाटते. मला आज त्या नव्वद गुणांविषयीच थोडेसे बोलावयाचे आहे. आमच्या सुरतेत, पांडेसऱ्यासारख्या कामकरी वस्तीत, ज्या मुली शाळेच्या अंगणात चेंडूमागे धावतात, त्यांच्या पुढच्या आयुष्याशी या आकड्यांचा संबंध आहे असे मी समजतो.

प्रथम या खेळाची एक खोड ध्यानात घेतली पाहिजे. कुस्तीत बलवान मल्लाने समोरच्यास दोन मिनिटांत चीत केले की दोघेही आखाड्याबाहेर येतात. क्रिकेटमध्ये धावांचा डोंगर झाला की कर्णधार डाव सोडू शकतो. बास्केटबॉलमध्ये अशी सुटका नाही. दहा दहा मिनिटांचे चार भाग, अशी चाळीस मिनिटे भरावीच लागतात. त्यातही चेंडू हाती आला की चोवीस सेकंदांच्या आत तो कड्याकडे फेकला पाहिजे, नाही तर तो प्रतिपक्षाकडे जातो. म्हणजे सरस संघाने मनात आणले, की आता पुरे, या पोरींना आणखी लाजवायचे नाही, तरी त्यास चेंडू हातात घेऊन स्वस्थ उभे राहता येत नाही. फार तर तो आपल्या राखीव खेळाडूंना मैदानात उतरवू शकतो. आणि त्या राखीव मुलींनाही आपले कसब दाखवायचे असतेच!

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या अर्ध्या भागातून चेंडू पुढच्या अर्ध्या भागात नेण्यास आठच सेकंदांची मुदत असते. वेगवान संघ या आठ सेकंदांवर टपून असतो. चेंडू नेणाऱ्या मुलीस दोघी जणी कोंडतात, तिचा गोंधळ होतो, चेंडू निसटतो, आणि कडे तर तेथेच चार पावलांवर असते. एका चुकीपोटी दोन गुण जातात, आणि घाईघाईने पुन्हा चेंडू आत टाकताना दुसरी चूक होते. म्हणून या खेळात कसबातील अंतर आणि गुणांतील अंतर ही एका मापाची नसतात. कसबात दोन पावले मागे असलेला संघ गुणफलकावर कोसभर मागे दिसतो.

समोर जपान होता, हेही विसरून चालणार नाही. अवघ्या पन्नास दिवसांपूर्वी, 8 ऑगस्टला, टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानच्या महिलांनी अमेरिकेशी 75 विरुद्ध 90 अशी झुंज देऊन रौप्यपदक मिळविले होते. त्यातील सगळ्याच जणी अम्मानला आल्या नव्हत्या. तथापि खेळण्याची रीत तीच होती. जपानी मुली उंचीने काही ताडमाड नव्हेत. कडे जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर असते, तेथे उंच माणसाचे काम सोपे होते. जपानने त्यावर तोड काढली ती अशी, की कड्याजवळ जाऊन उंच मुलींशी झटापट करण्याऐवजी 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून चेंडू फेकावा, एका फेकीचे तीन गुण घ्यावे, आणि चाळीसही मिनिटे धावत राहावे. उंचीचे निमित्त सांगून अंग चोरणाऱ्या आपल्या क्रीडाधुरीणांनी हा धडा मुळातून वाचावा, असे मला नेहमी वाटते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, चीनने फिलिपीन्सचा 143-52 असा पराभव केला. अंतर 91 गुणांचे. म्हणजे आपल्यापेक्षा एक गुण अधिकच! पहिल्या दिवशी मातीस मिळालेले हे दोन संघ स्पर्धेच्या अखेरीस एकमेकांसमोर उभे राहिले. जो हरेल त्याने वरचा गट सोडून खालच्या गटात जायचे, असा तो सामना होता. फिलिपीन्सने तो 74-70 असा जिंकला. 2019 साली बंगळूर येथे याच फिलिपीन्सने आपल्याला 92-78 असे हरविले होते. तेव्हाचे चौदा गुणांचे अंतर अम्मानला चारांवर आले होते. नव्वद गुणांनी हरलेल्या मुली पाच-सहा दिवसांत चार गुणांपर्यंत येऊन पोहोचल्या, हे वास्तविक कौतुकाने सांगण्यासारखे होते. पण 136-46 हा आकडा ज्यांस ठाऊक आहे त्यांतील फारच थोड्यांना 74-70 हा आकडा ठाऊक असेल.

आणि नुकसान झाले ते या चार गुणांनीच. नव्वद गुणांचा पराभव दुसऱ्या दिवशी विसरता येतो. वरच्या गटातून खाली आले की जपान, चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया यांच्याशी या चषकात पुन्हा गाठच पडत नाही. फिलिपीन्सचा संघ वर राहिला. 2023 साली सिडनीला तो ऑस्ट्रेलियाकडून 105-34 असा सडकून हरला, आणि त्याच स्पर्धेत त्याने चिनी तैपेईस 92-81 असे हरविले. तेथे भारताचा संघ नव्हता. त्याच वर्षी हांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, पुण्याच्या शिरीन लिमये हिच्या नेतृत्वाखाली, आपल्या मुलींनी इंडोनेशिया व मंगोलिया यांना हरविले, मग चीनकडून 53 विरुद्ध 111 असा मार खाल्ला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. समर्थ संघाशी खेळायला मिळाले की आपला खेळ काय होतो, हे पाहण्याची संधी अशी वर्षा-दोन वर्षांतून कधी तरी येते.

अमेरिकेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. 1994 च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या महिला संघास ब्राझीलने उपांत्य सामन्यात हरविले. त्यानंतर त्यांनी निवडक मुलींना वर्षभर पगारावर एकत्र ठेवले आणि तारा व्हॅनडरव्हीर या शिक्षिकेच्या हाताखाली प्रदर्शनीय सामन्यांचा एक प्रचंड दौरा काढला. चीन, रशिया, ऑस्ट्रेलिया येथे त्या खेळल्या, तशाच आपल्या देशातील महाविद्यालयांच्या संघांशीही खेळल्या. एकूण सामने 52, आणि हार एकही नाही. महाविद्यालयीन मुलींचा तर बहुधा धुव्वाच उडत असे. 1996 साली अटलांटा येथे त्यांनी ब्राझीललाच 111-87 असे नमवून सुवर्णपदक घेतले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की महाविद्यालयांशी सामने खेळण्याची प्रथा त्यांनी पुढेही चालू ठेवली. 7 नोव्हेंबर 2019 रोजी टेक्सास राज्यातील एका महाविद्यालयीन संघाचा राष्ट्रीय संघाने 93-63 असा पाडाव केला. दोनच दिवसांनी ऑरेगन विद्यापीठाच्या मुलींनी, स्यू बर्ड आणि डायना तौरासी यांच्यासारख्या दिग्गज खेळाडू समोर असताना, त्याच राष्ट्रीय संघाला 93-86 असे हरविले. सब्रिना आयोनेस्कू या विद्यार्थिनीने एकटीने तीस गुण केले. वर्षानुवर्षे एकतर्फी सामने खेळू दिले, म्हणूनच हा एक दिवस उगवला.

आपण स्वतः वरच्या पारड्यात असतो तेव्हा काय करतो, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्या खेळाचे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, त्या खेळात प्रियांका इंगळे या महाराष्ट्रकन्येच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाचा 175-18 असा फडशा पाडला. त्या संघात आमच्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील ओपिना भिलार हीही होती, आणि याचा सुरतकरांस अभिमान वाटला तर तो रास्तच आहे. पुढे अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवून त्यांनी चषकही जिंकला. पण त्या कोरियन मुलींचा विचार किती जणांनी केला? ज्या देशात हा खेळ नुकताच जाऊन पोहोचला, तेथून त्या आल्या, 157 गुणांनी हरल्या, आणि राहिलेले सामनेही खेळल्या. त्या उद्या खो-खो सोडून देतील, तर आपला हा जागतिक चषक आपणच आपल्याला वाहिलेले फूल ठरेल. अम्मानमध्ये आपण जेथे होतो, तेथे दिल्लीत त्या होत्या.

आता पांडेसऱ्याकडे येऊ. कापडावर रंग आणि छपाई चढविणाऱ्या गिरण्यांची ही वसाहत. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने उधन्यास उतरलेली हजारो खानदेशी कुटुंबे या टापूत राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, अशा तीन भाषा येथील मुलगी सहज बोलते. तिचा बाप पाळीवर जातो. आई घरी साड्यांस टिकल्या लावते किंवा धागे कापते. अशा घरात मुलीचे खेळणे हे मुळातच उसन्या वेळावर चाललेले असते. त्यात ती कोठे सामन्याला गेली आणि पन्नास गुणांनी हरून आली, तर घरच्यांस आयतेच कारण मिळते. आता पुरे झाले, लाज आणलीस, उद्यापासून शिवणाच्या क्लासला जा! मुलगा असाच हरला तर त्यास दुसऱ्या दिवशी मैदान बंद होत नाही. हा फरक कोणत्याही गुणफलकावर लिहिलेला नसतो.

शाळाचालकांचीही यात थोडी जबाबदारी आहे. आपला संघ फारच मागे पडेल या भयाने संघच पाठवायचा नाही, असा मार्ग पुष्कळ ठिकाणी पत्करला जातो. दिसायला तो मुलींच्या मायेचा मार्ग दिसतो. परिणामी त्या मुली आपल्याच जोडीच्या मुलींशी खेळत राहतात आणि आठ सेकंदांत चेंडू पुढे नेण्याचा प्रसंग म्हणजे काय, हे त्यांस कधीच कळत नाही.

2022 साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा टेबल टेनिस व बॅडमिंटन सुरतेच्या वाट्यास आले आणि बास्केटबॉल भावनगरला गेला. भावनगरात हा खेळ मुरलेला आहे. तेथील मुलींचा एखादा चांगला संघ पांडेसऱ्यात आणावा. लागते ते काय? 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद सिमेंटची जमीन, दोन खांब, दोन फलक. निकाल काय लागेल तो आजच सांगता येईल. पण सामना प्रदर्शनीय असला की संयोजकांच्या हाती थोडे स्वातंत्र्य असते. मध्यंतरानंतर दोन्ही संघ मिसळून टाकावेत आणि पाहुण्या मुलींच्या शेजारी आमच्या मुलींना खेळवावे. आठ सेकंदांत चेंडू किती वेळा पुढे गेला, याची वेगळी नोंद ठेवावी आणि ती गुणफलकाशेजारी लावावी. मुख्य म्हणजे पहिल्या सामन्याच्या निमंत्रणपत्रिकेवरच दुसऱ्या सामन्याची तारीख छापून टाकावी, आणि ती पत्रिका मुलींच्या घरी अगोदर पोहोचती करावी.