देवानंसुद्धा पावती घेतली



माय-माउल्यांनो, आज सेवेला जो विषय घेतलाय तो कर्जाचा आहे. पुढं बसलेल्या जुन्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला दिसतात. "महाराज, नाम सांगा, भक्ती सांगा. पैशाची कटकट घरी आहेच की!" अहो, घरी आहे म्हणूनच इथं काढतोय. टाळ हातात आहे आणि मनात उद्याचा हप्ता वाजतोय, तर ते नाम पोचायचं कसं? तुम्ही हे पुस्तकातून वाचत असाल, तरी माझं म्हणणं तुम्हालाच आहे. वाचता वाचता खिशातला फोन वाजला आणि "वसुलीवाला तर नसेल?" म्हणून छातीत धस्स झालं असेल, तर आजचं निरूपण तुमच्यासाठीच समजा.

महाभारतात यक्षप्रश्न आहेत. वनवास संपत आलेला, तळ्याकाठी चार भाऊ निपचित पडलेले, आणि यक्ष धर्मराजाला विचारतो, सुखी कोण? धर्मराजानं राजवाडा सांगितला नाही, हत्ती-घोडे सांगितले नाहीत. तो म्हणाला, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून दूर राहावं लागत नाही, आणि जो उशिरा का होईना, आपल्या घरी साधी भाजी शिजवून खातो, तो सुखी. हे सांगतोय कोण, बघा. द्यूतात राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली, असा माणूस सांगतोय. त्याला अनुभवाची किंमत मोजावी लागली होती. तुम्हाआम्हाला त्याच्या शब्दावर शहाणं होता येतं.

आता तुम्ही म्हणाल, ऋण वाईट म्हणता, मग शास्त्र तर सांगतं की माणूस तीन ऋणं घेऊनच जन्माला येतो. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. खरं आहे. पण त्या ऋणांची शास्त्रानं व्यवस्थाही लावून दिली. देवांचं यज्ञानं फेडायचं, ऋषींचं अध्ययनानं, पितरांचं संततीनं. ऋण झालं म्हणून शास्त्र तुम्हाला पापी म्हणत नाही. ते फक्त विचारतं, कुणाचं आहे, किती आहे आणि फेडणार कसं? आपल्यातल्या किती जणांना या तीन प्रश्नांची उत्तरं पाठ आहेत? विठ्ठल विठ्ठल.

एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलीय. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पायाशी नाथांची सेवा चाललेली. हिशेबाचं काम नाथांकडं. एके रात्री एका पैचा मेळ लागेना. एक पै! आपण म्हटलं असतं, सोडा हो, चहात गेली असेल. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल? कीर्तनकार इथून अध्यात्माकडं वळतात आणि ते बरोबरच आहे. मी मात्र आज अलीकडंच थांबतो. ज्या गुरूला संसाराची चूक दाखवायची होती, त्यानं शिष्याला आधी पैचा हिशेब ठेवायला का बसवलं? ज्याला पैची चूक शोधायची सवय लागली, त्यालाच पुढची मोठी चूक दिसते. म्हणून वही लिहिणं हे साधन आहे. त्याला संसारी काम म्हणून हिणवू नका.

तर घरी जाऊन पहिलं काम हे करा. मुलाची कोरी वही घ्या. उभ्या पाच रेघा मारा. कुणाचं देणं, मुद्दल किती राहिलं, व्याजाचा दर काय, तारीख कोणती, आणि तारण काय दिलंय. सोसायटीचं पीककर्ज लिहा, पतसंस्थेचं लिहा, गटाचा आठवड्याचा हप्ता लिहा, गाडीचा लिहा, मोबाईलवरनं घेतलेलं लिहा, मेहुण्याकडनं हातउसने घेतलेले लिहा, दुकानदाराची उधारी लिहा. एकही लपवू नका. लिहिताना हात थरथरेल. पण अंधारात दोरीचा साप दिसतो हा वेदान्तातला दृष्टान्त आहे ना? दिवा लावला की कळतं, दोरी केवढी आहे. आणि खराच साप निघाला, तरी निदान तो कुठं बसलाय ते समजतं.

दुसरं, ही वही एकट्यानं लिहायची नाही. घरची माउली शेजारी हवी. पुरुषमंडळी फार काळ एक चूक करत आलीत. कर्ज काढताना घरात विचारायचं नाही आणि बुडाल्यावर एकट्यानं झुरायचं. अहो, पाव किलो तेलात आठवडा काढणारी बाई तुमच्या घरात आहे. तिच्याइतका हिशेब कुणाला कळतो? पोरं कळती असतील तर त्यांनाही बसवा. परिस्थिती ठाऊक असलेलं पोर महागड्या मोबाईलसाठी हट्ट धरत नाही.

तिसरं, दर वाचायला शिका. गावात म्हणतात, "शेकडा पाचनं घेतले." पाच हा आकडा दिसायला बारीक. पण तो महिन्याचा असतो, वर्षाचे झाले साठ. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज गेलं आणि मुद्दल जागच्या जागी. त्याच घरात पेटीत दोन तोळे सोनं निजलेलं असतं! बँकेचं सोनेतारण वर्षाला जेवढं व्याज घेतं, तेवढं हा सावकार दोन-अडीच महिन्यांत घेतो. मग कोणतं देणं आधी? ज्याचा दर मोठा, ते आधी. सोसायटीचं पीककर्ज मात्र तारखेच्या आत भरा. वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते, तारीख चुकली की ती गेली. आणि दुष्काळ पडला, पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली, तर घरी तोंड लपवून बसू नका. सोसायटीत, बँकेत स्वतः जा. पुनर्गठनाची, वसुलीच्या स्थगितीची काय सोय झालीय ते विचारा.

इथं एक शब्द सांगतो, दामदुप्पट. आज हा शब्द ऐकला की काय आठवतं? "पैसे गुंतवा, दामदुप्पट मिळवा." याच आमिषानं किती घरांची पुंजी गेली, तुम्ही पाहिलंय. पण आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पट म्हणजे सावकाराला घातलेला लगाम होता. पैशाच्या कर्जावर एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मनूनं हे सांगितलं. जो शब्द ऋणकोच्या संरक्षणाचा होता, तोच आज गळाला लावलेलं आमिष झालाय. तेव्हा दामदुप्पट देतो म्हणणारा दारात आला की त्याला पाणी द्या, गूळ द्या, पैसे देऊ नका. आणि परवान्याशिवाय सावकारी करणारा त्रास देत असेल, तर २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं लेखी तक्रार करता येते. अवैध सावकारीत गेलेली जमीन, व्यवहाराला पंधरा वर्षं झाली नसतील तर, चौकशी होऊन परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

आता तुकोबांकडं येऊ. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. देहूच्या या वाण्याच्या घरात महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. सगळं बसलं. दिवाळं निघालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटावी अशी वेळ आली. म्हणजे तुमच्यावर आज जे आलंय, ते आपल्या तुकोबांवर येऊन गेलंय. कर्जानं माणूस हलका होत असता, तर तीनशेहून जास्त वर्षं त्यांची पालखी आपण खांद्यावर घेतली नसती.

पुढं तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट सांगून काही जण म्हणतात, "बघा, संतांनीच कागद बुडवले, आपण कशाला फेडायचं?" थांबा. कोणते कागद बुडवले? लोकांनी तुकोबांना जे द्यायचं होतं, त्याचे. तुकोबांनी लोकांना जे द्यायचं होतं, त्याचे नव्हेत. येणं सोडायचा अधिकार आपला असतो, देणं सोडायचा नसतो. आणि त्यातही आधी भाऊ कान्होबाला त्याची अर्धी खतं वेगळी काढून दिली. भावाच्या वाट्यावर स्वतःचं वैराग्य लादलं नाही. एवढा मोठा विरक्त, पण वाटणी चोख.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचंही तसंच. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. बादशहाचा कोप झाला. तेव्हा पंढरीचा राणा विठू महार होऊन बीदरला गेला आणि पैसे मोजून आला. पण नुसते पैसे देऊन आला का? नाही. रसीद घेऊन आला! अहो, जगाचा मालक तो, त्यालासुद्धा वाटलं की पावतीशिवाय व्यवहार पुरा होत नाही. आणि आपण? सावकाराला रोख देतो, "विश्वास आहे" म्हणतो आणि तीन वर्षांनी कोऱ्या कागदावरची सही आपल्यापुढं नाचते. पावती घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला घ्या, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. देवानं घेतली, तुम्हीही घ्या.

खर्चाबद्दल थोडकंच. कर्ज काढून लग्न करू नका. मांडव दोन दिवसांचा, हप्ता सात वर्षांचा. आणि आता वाईट वाटेल असं बोलतो. कर्ज काढून देवाची वर्गणीही देऊ नका. सप्ताहाच्या पंगतीसाठी उसनवारी करू नका. कीर्तनकाराच्या बिदागीसाठी गावाला कर्ज होत असेल, तर ते कीर्तन ठेवूच नका. हरिपाठाला पैसे लागत नाहीत.

"देव बघून घेईल" असं म्हणणाऱ्यांनी वारीतला दिंडीचालक बघावा. त्याच्याइतका देवावर भरवसा कुणाचा? तरी निघण्याआधी तो माणसं मोजतो, भिशी गोळा करतो, पीठ-डाळ-तेल किती दिवस पुरेल ते बघतो, टँकरची सोय करतो. मग माउलींचं नाव घेऊन पाऊल टाकतो. संसाराची दिंडीही अशीच चालवायची. सोयाबीनचे, उसाचे, पगाराचे पैसे हातात आले की त्याच दिवशी चार वाटे करा. एक देण्याचा, एक पुढच्या बी-खताचा, एक घरखर्चाचा, आणि एक लहानसा, दोनशे रुपयांचा का होईना, आजारपण-अडचणीचा. शेवटचा वाटा नसतो म्हणून तर माणूस रात्री सावकाराच्या दारात उभा राहतो.

शेवटचं सांगतो, हे जपून वाचा. कर्जापायी आपल्या महाराष्ट्रात माणसं जिवानिशी गेलीत. त्यांच्या घरी मी बसलोय. तिथं आईबाप, बायको-लेकरं एकच बोलतात, "आम्हाला सांगितलं असतं तर!" माणूस गेला म्हणून देणं जात नाही. फेडायला जो दोन हात लावणार होता, तेवढा मात्र जातो. मनात तसला विचार आला, तर आज रात्रीच कुणाला तरी सांगा. बायकोला, मित्राला, माळकरी शेजाऱ्याला. सरकारचा टेली-मानस म्हणून १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, लावा. आणि तुमच्या ओळखीत कुणी अचानक गप्प झाला असेल, पारावर येईनासा झाला असेल, तर त्याच्या घरी जा. चहा घ्या, विषय काढा. नामस्मरणाइतकंच पुण्य त्यात आहे, हे मी व्यासपीठावरून सांगतो.

पांडुरंगा, या वाचणाऱ्याला धनवान कर असं मी मागत नाही. त्याला वही उघडायचं धैर्य दे, शेजारी बसणारं माणूस दे, फेडायला हातात बळ दे, आणि फिटेपर्यंत रात्रीची झोप दे.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम.