दंड आणि वाणी



मठाच्या व्यासपीठावरून राजसत्तेविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु दंड राजाच्या हाती असावा आणि त्या दंडास मर्यादा सांगणारी वाणी मात्र राजाश्रित नसावी, हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. त्या विचाराची कसोटी पाहणारा काळ म्हणजे १९७५ ते १९७७ ची आणीबाणी.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळापुढे ती आली दुसऱ्या दिवशी सकाळी. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई प्रभृती नेते स्थानबद्ध झाले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. आणि हे सारे घटनेच्या ३५२ व्या कलमाचा आधार घेऊनच झाले, हे विसरू नये.

आपणांस अधिक चिंतनीय आहे ते पवनारचे प्रकरण. आचार्य विनोबा तेव्हा वर्षभराच्या मौनात होते. ‘अनुशासनपर्व’ हा महाभारतातील शब्द त्यांच्याकडून आला आणि शासनाने तत्काळ त्याची घोषणा केली. भिंतीभिंतींवर तो रंगविला गेला. मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला की, सत्तेचे असते ते शासन. अनुशासन असते आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले व परिस्थिती पूर्ववत व्हावी असा अभिप्राय त्याने दिला. पण तोवर सहा महिने लोटले होते. विनोबांच्या साधुत्वाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि सत्पुरुषाचा मोघम शब्द सत्तेच्या हाती पडला की तिचेच नाणे होऊन चालू लागतो, असे मला नम्रपणे वाटते.

याउलट कऱ्हाड पाहा. डिसेंबर १९७५ मधील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्रीच. त्या सभेत दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. ना पक्ष, ना पद. लोकसंस्कृतीची अभ्यासक बाई! पुढील वर्षी त्यांना अटक झाली. प्रार्थना हाही एक निषेध होऊ शकतो, हे त्या सभागृहाने पाहिले.

न्यायासनापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. स्थानबद्धास न्यायालयाचे दार ठोठावता येते काय? अनेक उच्च न्यायालयांनी होय म्हटले होते. जबलपूर खटल्यात मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी नाही म्हटले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्न मत लिहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमण्यात आले. चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे २०१७ साली त्यांच्याच पुत्राने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निर्णय चुकीचा म्हणून लिहिले. पितृऋण फेडण्याची ही रीत निराळीच म्हणावयाची!

मार्च १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सत्ता पालटली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलमातील ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द जाऊन ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपतींनी घोषणा करू नये असे ठरले, आणि जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही, अशी तरतूद झाली.