मनातले गुपित कोणाच्या मालकीचे?



१९७१ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील बेव्हर्ली हिल्स येथे एका मनोविकारतज्ज्ञाची कचेरी रात्रीच्या वेळी फोडण्यात आली. चोरांना पैसाअडका नको होता. त्यांना हवी होती डॅनियल एल्सबर्ग या रुग्णाची फाइल. व्हिएतनाम युद्धासंबंधी अमेरिकेचे सरकार आपल्याच जनतेशी किती खोटे बोलले, हे दाखविणारी सरकारी कागदपत्रे एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिली होती. कागदपत्रे खोटी ठरविता येईनात, तेव्हा माणसालाच वेडा ठरवावे, असा बेत व्हाइट हाउसमध्ये शिजला. चोरांच्या हाती फारसे काही लागले नाही. १९७३ च्या मे महिन्यात सरकारचे हे आणि असेच इतर उद्योग उघडकीस आल्यामुळे न्यायाधीशांनी एल्सबर्ग यांच्यावरील खटलाच काढून टाकला आणि पुढच्या वर्षी निक्सन यांचे सल्लागार जॉन एर्लिकमन हे या कटात दोषी ठरले.

मनोरुग्णाची गोपनीयता हा विषय डॉक्टरांच्या परिषदांपुरता आहे, चळवळीशी त्याचा काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. विरोधकाच्या मुद्द्याला उत्तर नसले की त्याच्या मनाच्या आजाराकडे बोट दाखविणे ही सत्तेची जुनी सवय आहे, आणि ती एकाच देशाच्या वा एकाच रंगाच्या सत्तेची नाही. सोव्हिएत संघात मतभेद दाखविणाऱ्यांना मनोरुग्णालयात कोंडले गेले, हेही समाजवाद्यांनी कबूल केले पाहिजे.

आज फाइल चोरण्यासाठी कचेरी फोडावी लागत नाही. फिनलंडमध्ये व्हास्तामो नावाची एक खाजगी कंपनी होती. देशभर तिची मानसोपचार केंद्रे होती आणि सरकारी आरोग्यव्यवस्थाही आपले रुग्ण तिच्याकडे पाठवीत असे. रुग्णांनी उपचारकाला सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे बालपणीचे अत्याचार, संसारातील बेबनाव, मरणाचे विचार, संगणकात साठविल्या जात. परंतु त्या साठ्याला धड कुलूप नव्हते. २०१८ साली हा साठा चोरीस गेला. २०१९ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा एका गुंतवणूकदार संस्थेने विकत घेतला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये चोराने रुग्णांच्या नोंदी जाहीर करण्यास आरंभ केला आणि मग एकेका रुग्णालाच पत्र धाडले : दोनशे युरो द्या, नाहीतर तुमचे सारे जगापुढे मांडतो. सुमारे ३३,००० माणसांची गुपिते त्यात होती. २०२१ साली कंपनीचे दिवाळे निघाले. गुन्हेगाराला २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. पण एकदा बाहेर पडलेले गुपित कोणत्या न्यायालयाने परत आत घालावे?

चोराला दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. दुःख हा ज्या धंद्याचा कच्चा माल आहे, तेथे कुलुपावरचा खर्च हा नफ्यातून वजा होणारा खर्च असतो. अमेरिकेतील बेटरहेल्प या कंपनीने तर चोराचीही वाट पाहिली नाही. मदत मागायला आलेल्या माणसांची माहिती तिने फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरविली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

आपल्या देशात कायदा नाही असे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलात आहे. त्याच्या २३ व्या कलमाने मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. २४ व्या कलमाने त्याचे छायाचित्र वा माहिती संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आणि संगणकातील नोंदींनाही हेच संरक्षण दिले. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर उपचारकाने बोलावे, हा अपवाद रास्तच आहे. परंतु 'सार्वजनिक सुरक्षितता' हाही अपवाद त्यात आहे. १९७५ ते ७७ या काळात याच जातीच्या शब्दांखाली किती माणसे तुरुंगात गेली, हे या सभेतील ज्येष्ठांना सांगायला नको.

न्यायालयाच्या दारात तर हे संरक्षण आणखी विरळ होते. आपल्या पुराव्याच्या कायद्यात, १८७२ च्या जुन्या आणि २०२३ च्या नव्याही, वकिलाला अशिलाचे बोलणे गुप्त ठेवण्याचा विशेष अधिकार आहे. डॉक्टरला किंवा समुपदेशकाला तसा नाही. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. म्हणजे जी स्त्री मार सोसून, झोप उडून मनोविकारतज्ज्ञाकडे गेली, तिच्याच औषधाची चिठ्ठी नवऱ्याचा वकील तिच्यापुढे धरू शकतो. अशा वेळी न गेलेलेच बरे, असे तिला वाटले तर तिला अडाणी कोण म्हणेल?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जाफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात उपचारकाशी झालेले बोलणे गोपनीय मानले. पदवीधर डॉक्टरांबरोबर परवानाधारक समाजकार्यकर्त्यांनाही हे संरक्षण मिळाले, कारण गरीब माणसाला परवडतो तो समाजकार्यकर्ताच, हे न्यायालयाने ओळखले. मात्र या निकालाचा लाभ झाला तो एका पोलिसाला. तिच्या गोळीने मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला तिच्या समुपदेशनाच्या नोंदी मिळाल्या नाहीत. गोपनीयतेला अशी किंमत असते, आणि ती कधी कधी आपल्याच बाजूच्या माणसाला मोजावी लागते. तरीही तो निकाल योग्य होता. नोंदी उघड होणार हे ठाऊक असते, तर त्या नोंदी मुळात निर्माणच झाल्या नसत्या.

आता आपल्या गावाकडे वळावे. विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतात. काम मोलाचे आहे. परंतु आशा ही गावचीच सून असते. ओट्यावर बसून ती झोप लागते का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, असे विचारते, तेव्हा शेजारची भिंत ऐकत असते. तिच्या वहीत ज्याच्या नावापुढे खूण झाली, त्याच्या मुलीचे लग्न जुळायचे आहे. सावकारही त्याच गल्लीत राहतो. कायद्याची भाषा 'आरोग्य व्यावसायिकां'ची. आशेला मात्र सरकार स्वयंसेविका म्हणते, मानधनावर राबविते आणि वही ठेवायला कुलपाचे कपाटही देत नाही. आशांच्या मोर्चात वेतनाची मागणी असते, ती असलीच पाहिजे. त्या मागणीपत्रात कुलपाचे कपाट, आडोशाची खोली आणि गोपनीयतेचे शिक्षण यांचाही समावेश व्हावा.

कारखान्यांत आणि कंपन्यांत मालकाच्या पैशाने समुपदेशक नेमण्याची पद्धत रूढ होत आहे. तेथे युनियनने एकच प्रश्न लेखी विचारावा : या समुपदेशकाची टिपणे कोण पाहणार? 'फक्त आकडे' असे उत्तर आले, तरी बारा कामगारांच्या खात्यात आकडा म्हणजे नावच, हे विसरू नये.

आणि कार्यकर्त्यांविषयी थोडेसे. एखाद्या साथीला येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात घेऊन जाणारा कार्यकर्ता उदार मनाचा असतो, यात शंका नाही. परत आल्यावर चहाच्या टपरीवर तोच काळजीच्या सुरात साऱ्यांना ती हकीकत सांगतो, आणि पुढच्या निवडीच्या वेळी 'त्याच्यावर ताण नको' असे म्हणून त्या साथीचे नाव यादीतून अलगद गळते. त्याला कोणी विचारलेले नसते. ज्या शाखांत हे घडले आहे, त्यांनी निदान त्या साथीला बोलावून, त्याला काम हवे आहे की नको, हे त्याच्याच तोंडून ऐकावे.