फॉर्ममधला वंशाचा रकाना

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आई आणि बाळांच्या उपचारांतल्या वंशभेदावर बोलायला उभा राहिलोय. कारण या भेदाचा एक हिस्सा माझ्याच पेशातून जातो: फॉर्म, त्यातले रकाने, मागचं सूत्र आणि स्क्रीनवर येणारा टक्क्यांचा आकडा.

गोष्ट अमेरिकेची आहे. २०२३ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, तर कृष्णवर्णीय माता ५०.३. गरिबी, विमा ही कारणं आहेतच. पण पदवीधर कृष्णवर्णीय मातांमधलं मृत्यूचं प्रमाण शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या मातांपेक्षा जास्त आढळलं आहे. म्हणजे सगळं पैशावर ढकलता येत नाही.

आता सूत्राकडे येऊ. पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं, तर दुसऱ्या वेळी नॉर्मल डिलिव्हरी होईल का? हे सांगणारा एक कॅल्क्युलेटर तिथे २००७ पासून वापरात होता. वय, वजन-उंचीचं प्रमाण, आधीचं सिझेरियन कशामुळे झालं, असे प्रश्न. आणि सोबत आणखी दोन: बाई कृष्णवर्णीय आहे का? हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची आहे का? ‘हो’ म्हटलं की बाकी सगळं तेच असूनही यशाची शक्यता खाली यायची. डॉक्टर तो आकडा बघणार आणि पुन्हा सिझेरियनच करू या म्हणणार. प्रत्येक सिझेरियनसोबत पुढच्या गरोदरपणात वार गर्भाशयात रुतण्याचा आणि जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. ज्या मातांना आधीच जास्त धोका, त्यांनाच हे सूत्र त्या वाटेवर ढकलत होतं.

सूत्र बनवणाऱ्यांनी आकडे खोटे लिहिले नव्हते. जुन्या नोंदींत तसा फरक खरोखर दिसत होता. पण प्रसूती सुरू असताना ‘आता थांबू, ऑपरेशन करू’ हा निर्णय कोण घेतं? डॉक्टर. मग नोंदीत नुसतं बाईचं शरीर नसतं, डॉक्टरांची सवयही असते. सूत्राने ती सवय शरीराच्या खात्यावर टाकली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) लग्न झालेलं असणं आणि विम्याचा प्रकार यांचाही निकालाशी संबंध दिसला होता. ते रकाने मात्र घेतले नाहीत. वंशाचा घेतला. ही निवड माणसांनी केली होती. २०२१ मध्ये नवी आवृत्ती आली, वंश काढला आणि उच्च रक्तदाबावरच्या उपचारांचा प्रश्न घातला. अंदाज त्यामुळे बिघडला नाही.

लहान मुलांचंही तसंच. दोन वर्षांखालच्या तापलेल्या बाळाला लघवीचं इन्फेक्शन असेल का, हे सांगणारं एक सूत्र होतं. बाळ कृष्णवर्णीय असेल तर शक्यता कमी दाखवायचं. शक्यता कमी म्हणजे तपासणी टळण्याची भीती, आणि असं इन्फेक्शन राहून गेलं तर किडनीवर कायमचे व्रण पडू शकतात. याच सूत्रात मुलग्याची सुंता झाली आहे का, असाही प्रश्न आहे. तो मला योग्य वाटतो, कारण सुंता न झालेल्या बाळांना हा संसर्ग जास्त होतो आणि त्याचं कारण शरीरातच दाखवता येतं. वंशाच्या रकान्यामागे असं काय दाखवणार? २०२२ मध्ये तो काढून आधी इन्फेक्शन झालं होतं का आणि ताप किती वेळ आहे, हे विचारायला सुरुवात झाली. अचूकता जवळपास तितकीच राहिली.

हे आपल्यापासून लांब नाही. कोविडमध्ये आपल्या घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये छापून आलेल्या अमेरिकन अभ्यासात, यंत्राने न पकडलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा सापडली. आपल्या घरांत सावळी, काळी माणसं काय कमी आहेत?

आणि अमेरिकन रुग्णालयांची सॉफ्टवेअरं पुण्यात बसूनही लिहिली जातात. तुमच्यातले काही उद्या तिथे असतील. रिक्वायरमेंटमध्ये वंश, धर्म किंवा जातीचा ड्रॉपडाउन येईल, सोबत एक गुणक असेल. मीटिंगमध्ये तेव्हा एवढंच विचारा: हा रकाना नक्की कशाच्या बदली ठेवलाय, आणि तीच गोष्ट थेट का विचारत नाही?