प्रयोग कुणावर, उत्तर कुणाचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला महिला मंडळाच्या वाट्याला दरसाल पंधरा मिनिटं येतात. आजवर त्यात आम्ही शिक्षणावर बोललो, बचत गटावर बोललो, गेल्या साली पोरांच्या मोबाईलवर बोललो. यंदा कॅन्सरच्या उपचारांवर आणि त्यासाठी होणाऱ्या संशोधनावर बोलायचं ठरवलं, तेव्हा समितीतल्या एका काकांनी विचारलं, "आनंदाच्या दिवशी हे कशाला?" काकांचं चुकलं नाही. पण गेल्या काही वर्षांत याच सभागृहात आपण ज्या ज्या पुण्यानुमोदनाला बसलो, त्यातली किती माणसं या रोगानं गेली ते काकांनीच बोटावर मोजावं. बोटं पुरणार नाहीत.

आधी आमची चूक सांगतो, मग शहाणपण.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं. दोन बाया हातात वही घेऊन दारोदार फिरत होत्या, नावं लिहीत होत्या, कार्डं वाटत होत्या. तेव्हा नळावर आम्हीच म्हणालो, "जाऊ नका गं. गरिबांवर प्रयोग करतात. बंगल्यातल्या बायकांना का नाही बोलवत?" आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी कार्ड घेतलेलं होतं. आमचं ऐकून त्यांनी ते पिठाच्या डब्याखाली सारून दिलं. मावशी पुढे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेल्या. शिबिराला गेल्या असत्या तर नक्की वाचल्या असत्या, असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येत नाही. पण न जाण्याचं कारण त्यांच्या हातात आम्ही ठेवलं, एवढं खरं. आणि त्या वहीवाल्या बायांना आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही की ही तपासणी कसली, कोण करतंय, काही निघालं तर पुढे काय करणार?

मावशींच्या आजारपणात परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. पेशंटबरोबर जाणं, चिठ्ठ्या वाचून सांगणं, लाईट देताना बाहेर बसणं, हे तेव्हापासून मंडळाचं कामच होऊन बसलं. बाकड्यावर बसून बसून 'प्रयोग' या शब्दाचा अर्थ हळूहळू कळत गेला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ साली एक मोठं संशोधन सुरू केलं होतं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. प्रश्न साधा होता. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप तपासणी चांगली; पण तिला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो. आपल्याकडे गावोगावी एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? त्यापेक्षा स्वस्त उपाय चालेल का? उपाय असा, की व्हिनेगरमध्ये असतं तेच सौम्य आम्ल गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पाहायचं. पेशी बिघडलेल्या असल्या तर तिथे पांढरा डाग उठतो. डाग दिसला की पुढच्या तपासणीला हॉस्पिटलात पाठवायचं. हे पाहणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केलं होतं.

आता नीट ऐका, कारण इथेच गोम आहे. वस्त्यांचे वीस गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. दहा गटांतल्या ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी अशा चार वेळा तपासणी. उरलेल्या दहा गटांतल्या ७६,१७८ बायकांना सुरुवातीला एकदा रोगाची माहिती, आणि नंतर दर दोन वर्षांनी घरी येऊन चौकशी. तपासणी नाही.

२०१४ साली निकाल छापून आला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे शंभर बायकांतल्या एकतीस वाचल्या, असं नव्हे. जिथे या रोगानं शंभर गेल्या असत्या तिथे एकोणसत्तर गेल्या. हा फरक वहीवाल्या बायांनी आणि चमचाभर आम्लानं केला.

आपल्या मराठवाड्यातही असंच काम झालं. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता आपण धाराशिव म्हणतो, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका संशोधनात होत्या. तपासणीचं काम बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं चाललं. तिथे एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी केली. २००९ साली निकाल आला. त्या गटातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरातले डॉक्टर आज एचपीव्ही तपासणीबद्दल बोलतात तेव्हा या शेतमजूर बायकांचा दाखला देतात. त्या बायकांना हे कुणी जाऊन सांगितलं असेल का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

छातीतल्या गाठीचं उत्तर इतकं सरळ आलं नाही, तेही सांगायला पाहिजे. मुंबईच्या त्याच बायकांत हातानं छाती तपासण्याचाही अभ्यास होता. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली मांडला. सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले. पण तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तो पक्का धरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र सुमारे ३० टक्क्यांनी मृत्यू घटले. आम्हाला यातली एक गोष्ट आवडली. वीस वर्षं खपून काढलेल्या आकड्याला "हा पक्का नाही" असं म्हणायला धीर लागतो.

मग आमचं नळावरचं बोलणं अगदीच खोटं होतं का? नाही. तपासणी न मिळालेल्या बायकांचं काय, हा प्रश्न फक्त आम्हालाच पडलेला नाही. एका अमेरिकन डॉक्टरनं तो लावून धरला, तक्रारी केल्या. २०१४ साली भारतातल्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर लिहून आलं. त्यांचं म्हणणं, वेळेवर तपासणी केली तर या कॅन्सरचे मृत्यू टळतात हे आधीच माहीत होतं. मग हजारो बायकांना विनातपासणी ठेवून मृत्यू मोजत का बसलात? आणि सही घेताना, बाहेर अशी तपासणी मिळू शकते हे त्यांना धड सांगितलं होतं का? संशोधन करणाऱ्यांचं उत्तर असं, की या देशात त्या काळी नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नसणं हीच होती. कुणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही.

आम्ही यावर मंडळात दोन रविवार भांडलो. एकीचं म्हणणं, तुलना केल्याशिवाय सरकार हलत नाही, कागदावर आकडा लागतो. दुसरीचं म्हणणं, ज्यांना कधी काही मिळालंच नाही त्यांना आणखी दहा वर्षं न देणं सोपं जातं. आम्हाला ते उत्तर पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडूनही काढता येत नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य झाली. ३१ टक्क्यांचा आकडा जसा तपासलेल्या बायकांचा आहे तसा न तपासलेल्या ७६,१७८ जणींचाही आहे. त्यांच्यातल्या ज्या गेल्या, त्या मोजल्या गेल्या म्हणून तर फरक दिसला. मग या उत्तरावर पहिला हक्क कुणाचा?

तो हक्क आपण किती वापरला ते बघा. २०१६ साली केंद्र सरकारनं ठरवलं की ३० ते ६५ वयाच्या माणसांची तोंडाची, आणि बायकांची छातीची व गर्भपिशवीच्या तोंडाची सरकारी व्यवस्थेत तपासणी करायची. तीच आम्लाची साधी पद्धत. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की ३० ते ४९ वयाच्या बायकांत गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत, १.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्या बायका ०.९ टक्के. आपल्याच वस्त्यांतून निघालेलं उत्तर आपल्याच वस्त्यांत परत आलेलं नाही. यात सरकारचा दोष आहे, दवाखान्यातल्या रांगेचा आहे, पडदा नसलेल्या खोलीचा आहे. पिठाच्या डब्याखाली सारलेल्या कार्डाचाही आहे.

आता पुरुष मंडळींनो, तुम्हीही जरा पुढे सरका. तंबाखू, गुटखा, आणि आमच्याकडची मिश्री; तोंडाच्या कॅन्सरची बाकडी परळला यांनीच भरलेली असतात. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, मानेत गाठ लागत नाही, अशा वेळी तोंडाबरोबर मानेच्या गाठींचंही ऑपरेशन करून टाकायचं, की गाठ येईपर्यंत थांबायचं? जगभर डॉक्टरांत यावर पन्नास मतं होती. टाटा हॉस्पिटलात २००४ पासून पेशंटच्या संमतीनं निम्म्यांचं लगेच केलं, निम्म्यांसाठी वाट पाहिली. पाचशे पेशंटचा हिशेब पाहिला तर तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले ८० हयात, दुसऱ्यात ६७ किंवा ६८. अशा संशोधनावर नजर ठेवणारी एक वेगळी समिती असते. फरक स्पष्ट झालेला पाहून तिनं निकाल जाहीर करायला सांगितलं, आणि २०१५ मध्ये तो जगापुढे आला. एका बाजूच्या माणसांचं नुकसान होतंय हे कळल्यावर थांबायचं, यासाठीच ती समिती असते.

आणखी एक, औषधाच्या किमतीचं. निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, आणि घर विकायला लावतं. टाटाच्या डॉक्टरांनी विचार केला, नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी दिलं तर? डोक्या-मानेचा कॅन्सर पुढे गेलेले १५१ पेशंट घेतले. सगळ्यांना स्वस्तातल्या गोळ्या, आणि निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅमचं हे इंजेक्शन. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांच्या गटात शंभरातले १६ हयात होते, इंजेक्शनच्या गटात ४३. हा निकाल २०२२ चा. ४३ म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं वर्षात गेलीच, हे झाकायचं नाही. पण हा प्रश्न परदेशातली कंपनी कशाला विचारेल? आपलं औषध कमी दिलं तरी चालतं का, असं कुठला दुकानदार विचारतो? तो इथल्याच डॉक्टरांनी इथल्याच पेशंटना घेऊन विचारायचा होता.

कागदावर सही करायची वेळ आली तर काय, हे पुष्कळजण विचारतात. संमतीपत्र आपल्या भाषेत मागायचं. घरी नेऊन वाचायचं. नाही म्हटलं, किंवा मधेच बाहेर पडलं, तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. नव्या औषधाची चाचणी असेल आणि तिच्यामुळे इजा झाली, तर फुकट उपचार आणि भरपाई द्यावी लागते. २०१९ चे तसे नियम आहेत. अशा चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीत एक खुर्ची सामान्य माणसासाठी असते, असंही नियमात आहे. त्या खुर्चीवर आपल्यातलं कुणी बसलेलं आम्ही अजून पाहिलं नाही. आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी त्याचाही विचार करावा.

सध्या आपल्या वस्तीतली एक ताई अशाच कागदापाशी थांबलेली आहे. गालाच्या आत जखम. नेहमीच्या औषधाबरोबर एक नवं औषध देण्याचं संशोधन आहे, त्यात येता का, असं तिला विचारलंय. कागद मराठीत आहे, पण ते मराठी वकिलाचं. चार संध्याकाळी तिच्या मुलाला घेऊन आम्ही ओळ न् ओळ वाचली. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "चिठ्ठीत मला नवं औषध आलं नाही, तर मला काहीच देणार नाहीत का?" उत्तर आमच्या ओठावर आलं होतं. पण नळावरची गोष्ट आठवली आणि आम्ही गप्प बसलो. म्हटलं, हे डॉक्टरांनाच विचार, आमच्यासमोर विचार.

तिनं विचारलं. डॉक्टर तरुण होता, बाहेर रांग लागलेली होती, तरी त्यानं केसपेपर उलटा केला आणि मागे दोन चौकोन काढले. दोन्ही चौकोनांत नेहमीचं औषध लिहिलं, एकात नवं जास्तीचं लिहिलं. म्हणाला, "जास्तीच्यानं फायदा होईल की त्रासच वाढेल, हे आम्हाला ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकली नसती." ताई चौकोनांकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, विचार करून सांगते.

अजून सही केलेली नाही. सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं परत जायचं आहे. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर आहेत, आणि कागद तिच्याच पिशवीत आहे.

जयभीम.